वाटणीची बंदूक

"उघडा की. तुमचाच हाय असं समजून उघडा," पिराजीराव म्हणाले आणि त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळलेला बंदुकीचा दस्ता माझ्या मांडीवर ठेवला.

दस्त्याच्या मागच्या टोकाला रबरी झाकण होतं. ते मी ओढून काढलं. दस्ता आतून पोकळ होता आणि त्यात कप्पे केलेले होते. एका कप्प्यात चाप आणि खटक्याचा डबा नीट बसवलेला, शेजारच्या बारक्या कप्प्यात गोळ्यांचं मॅगझिन. तिसरा कप्पा सगळ्यांत लांब होता आणि रिकामा होता.

"नळी?" मी विचारलं.

"ती भावाकडं."

"आज मिळेल ना बघायला?"

"येतोयच की त्यो. आज खंडेनवमी हाय." पिराजीरावांनी दारातून ओढ्याच्या दिशेला बघितलं. "आज चुकायचा न्हाई."

त्यांनी दस्ता माझ्याकडून परत घेतला, झाकण लावलं आणि पाटावर ठेवला. पाटाभोवती विळे, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ अशी घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडली होती. झेंडूची फुलं परातीत होती. सगळी तयारी झालेली होती, फक्त पूजा व्हायची होती, आणि तिच्यासाठी आम्ही दोघं ओढ्याकडे बघत बसलो.

मी त्या वेळी पुण्याहून येऊन-जाऊन विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायचो. कुठे कारखान्याचं गोदाम जळालं, कुठे ट्रक दरीत गेला, की मी पिशवी उचलून निघायचो. लग्न केलं नव्हतं. घरात मी आणि माझ्या तीन बंदुका. कचेरीतले लोक म्हणायचे, "खासनीस, बायको नाही म्हणून बंदुका पाळल्यात, की बंदुका पाहून कोणी मुलगी देत नाही?" मी हसून वेळ मारून न्यायचो.

वाघ मारायच्या बंदुकांचं मला कौतुक नव्हतं. माझा जीव जडला होता तो सुट्या होणाऱ्या, छोट्या, दिसायला अगदीच गरीब अशा बंदुकांवर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलानं त्या आपल्या वैमानिकांसाठी करून घेतल्या. विमान बर्फात किंवा रानात पडलं आणि माणूस वाचला, तर शोधायला कोणी येईपर्यंत त्याला एखादा ससा, एखादं पाखरू मारून तग धरता यावा, एवढ्यासाठी. एक मधोमध दुमडायची आणि तिचा चाप पट्टीसारखा लांब असायचा, कारण थंडीत हातमोजा काढायची सोय नसते. दुसरीचे सगळे भाग तिच्याच दस्त्याच्या पोटात मावायचे. पुढे त्याच धर्तीची एक बंदूक साध्या गिऱ्हाइकांसाठी बाजारातही आली, आणि ती पाण्यावर तरंगायची. मासिकांतली चित्रं कापून मी वहीत चिकटवली होती. माणसानं एकट्यानं वाट बघत राहावं म्हणून केलेली बंदूक, ही कल्पनाच मला सोडत नव्हती.

तर तसली तरंगणारी बंदूक भुदरगड तालुक्यात एका शेतकऱ्याकडे आहे, असं कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यानं जेवता जेवता सांगितलं आणि मी जेवण अर्ध्यावर टाकून पत्ता लिहून घेतला. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरात अजून माणसं राहतात. उसावर विमानातून औषध फवारायचे दिवस होते तेव्हा एक गोरा वैमानिक तिथे आला होता. तो तापानं फणफणला आणि महिनाभर सरनोबतांच्या घरी पडून राहिला. बरा होऊन जाताना त्यानं ती बंदूक म्हाताऱ्या आबा सरनोबतांना दिली. आबांनी रीतसर परवाना काढला आणि गाव गोळा करून ती विहिरीत टाकून दाखवली. बंदूक तरंगली. त्या दिवसापासून पंचक्रोशीत आबांचा शब्द जरा जास्तच चालायला लागला म्हणे.

आबा गेले आणि पिराजीराव आणि हिंदुराव या दोन भावांत बांधावरच्या एका जांभळीवरून जुंपली. शेवटी पंच बसले. जमीन वाटली, बैल वाटले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, तांब्यापितळेची भांडीसुद्धा मोजून वाटली. उरली बंदूक. तीही वाटली. दस्ता आणि चाप थोरल्याला, नळी धाकट्याला. ज्या बंदुकीचे भाग सुटे होतात तीच अशी वाटता येते, दुसरी कुठली येत नाही. एकमेकांचा मुडदा पाडू नये म्हणून पंचांनी शक्कल लढवली, असं गावात अजून कौतुकानं सांगतात. दोघांचीही नावं परवान्यावर होती. निवडणूक आली की बंदूक पोलिसांकडे जमा करावी लागते. तेव्हा थोरला दस्ता घेऊन पुढून यायचा, धाकटा नळी घेऊन त्याच्या मागून, आणि ठाण्यातला हवालदार दोन्ही जोडून बघून मगच पावती फाडायचा.

एरवी ते एकत्र यायचे ते खंडेनवमीला. आबांची बंदूक पूजेला अख्खीच असली पाहिजे, हे दोघांनाही मान्य होतं. हिंदुराव नळी घेऊन यायचा, बंदूक जोडायची, पूजा व्हायची, चहा व्हायचा, नळी काढून तो परत जायचा. बोलणं बंद ते बंदच. रामाच्या वनवासाएवढी वर्षं हे चाललं होतं.

भाद्रपदात मी पहिल्यांदा आलो होतो तेव्हा पिराजीराव म्हणाले होते, "त्यो देत असंल तर मी कशाला आडवू? त्येला इचारा." ओढा ओलांडून हिंदुरावकडे गेलो, तर तो म्हणाला, "थोरल्याला इचारा. त्यो न्हाई म्हणणार, बघा." परत ओढा ओलांडला. पुन्हा गेलो. असा माझा चेंडू करून झाल्यावर पिराजीरावच म्हणाले, "खंडेनवमीला या. दोघं समोरासमोर असतो. काय त्यो सोक्षमोक्ष लावा."

मी पुण्याला जाऊन वडिलांची दुनळी विकून टाकली. एका माणसाकडे तीनच बंदुका, असा कायदा नुकताच झाला होता आणि माझ्या तीन भरल्या होत्या. वडील त्या दुनळीला रोज तेल द्यायचे. ती बंदूकवाल्याच्या काउंटरवर ठेवून रिकाम्या हातानं बाहेर पडताना मला वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. जागा केल्याशिवाय नवी येत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

"आला," पिराजीराव म्हणाले.

ओढ्याच्या चढावरून हिंदुराव येत होता. कडक ऊन होतं आणि त्याच्या काखेत मिटलेली काळी छत्री होती. उन्हातही त्यानं ती उघडली नव्हती. अंगणात येऊन त्यानं चपला काढल्या, माझ्याकडे बघून मान हलवली, घोंगडीच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि छत्रीच्या घडीतून पटक्यात गुंडाळलेली नळी बाहेर काढली. दोघं भाऊ तोंडावळ्यानं एकसारखे होते, फक्त धाकट्याच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूची पांढुरकी साय आली होती.

"वाटेत कुणी नळी बघितली तर सरनोबत लढाईला चालला म्हणत्यात," तो मला म्हणाला. "म्हणून छत्री."

पिराजीरावांनी दस्त्यातून चापाचा डबा काढून दस्त्याच्या तोंडाशी बसवला आणि दस्ता दोन्ही हातांनी आडवा धरला. हिंदुरावनं नळी त्याच्या तोंडात घातली आणि तिच्यावरची गोल चाकी फिरवायला लागला. मी चित्रांत पाहून पाहून ही बंदूक मनातल्या मनात शेकडो वेळा जोडली होती. चार-सहा फेरे दिले की चाकी बसते. हिंदुरावनं दोन फेरे दिले, परत उलटे फिरवले, आट्यांवर फुंकर मारली, धोतराच्या सोग्यानं पुसलं, पुन्हा घातली. पिराजीराव दस्ता धरून बसलेले. दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की एकाच्या श्वासानं दुसऱ्याची मिशी हलत असावी.

माझ्यातला जाणकार चुळबुळत होता. शेवटी न राहवून मी म्हणालो, "मी देऊ का फिरवून? एका मिनिटाचं काम आहे."

दोघांनीही एकदम मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हात मागे घेतला.

बऱ्याच वेळानं बंदूक जोडून झाली. काळपट, हलकी, अगदी साधी. दस्त्यावर एका बाजूला खरचटलेलं होतं, विहिरीच्या दगडाचं. मला ती हातात घ्यायची होती, पण ती पाटावर गेली. पिराजीरावांनी तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. हिंदुरावनं नारळ फोडला. त्याचं पाणी दोघांनी हत्यारांवर शिंपडलं. शेजारची सून येऊन तीन कप चहा ठेवून गेली, कारण पिराजीरावांच्या घरात बाईमाणूस नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती मुलगी निपाणीला दिली होती.

चहा संपल्यावर मी विषय काढला. माझी किंमत सांगितली. ती दोघांच्या अपेक्षेपेक्षा जास्त होती, हे मला ठाऊक होतं.

"थोरल्याला इचारा," हिंदुराव म्हणाला.

"त्येला इचारा," पिराजीराव म्हणाले.

"अहो, तुम्ही दोघं इथेच बसला आहात," मी म्हणालो. "एकाच घोंगडीवर."

हिंदुराव कपातली उरलेली चहाची पूड बघत होता. मग तो म्हणाला, "पाव्हणं, त्येला सांगा. मी आता हितनं चाललोय. पोरगं भोसरीला कंपनीत हाय. दिवाळीआधी न्यायला येतंय. डोळ्याचं ऑपरेशन करू म्हणतंय. रान खंडानं कसायला दिलं. आता मी काय परत येत न्हाई."

हे सगळं त्यानं माझ्याकडे बघत सांगितलं. पिराजीराव दोन हातांवर होते. तरी मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "ते पुण्याला चाललेत. कायमचे."

"ऐकलं."

"तवा ही नळी आता हितंच ऱ्हाऊ दे," हिंदुराव मला म्हणाला. "त्येला सांगा, मी वाटणी सोडली. बंदूक आता अख्खी त्येची. तुमाला इकू दे न्हाईतर ठेवू दे. माझं काय म्हणणं न्हाई."

एवढ्या सहज काम होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी पिराजीरावांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. आयता अर्धा हिस्सा पदरात पडलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

हिंदुराव गुडघ्यावर हात टेकून उठला. छत्री उचलली. छत्री आता सडपातळ दिसत होती. तो चपलांपर्यंत पोचला तेव्हा मागून आवाज आला.

"हिंदू."

हिंदुराव जागच्या जागी थांबला. त्याची पाठ आमच्याकडे होती.

"नळी उचल."

"दादा, मी आता पुन्यात ती घेऊन—"

"उचल म्हणतो न्हवं. आबांनी पंच बसवले न्हवते, मी बसवले. वाटणी झालीया. तुझा वाटा तू घेऊन जायचा. माझ्या घरात न्हाई ठेवायचा."

"तिकडं पोराकडं दोन खोल्या हायत, दादा. पोलीस इचारत्याल."

"मला ठाऊक न्हाई. तुझा वाटा हाय, तुझ्याकडं पायजे." पिराजीरावांचा आवाज चिरका झाला. त्यांनी पाटावरची बंदूक उचलून मांडीवर घेतली आणि चाकी उलटी फिरवायला लागले. एकट्याला ते जमेना. नळी घसरायची, दस्ता वळायचा. हिंदुराव चपला तशाच टाकून मागे आला, घोंगडीवर बसला आणि त्यानं नळी धरली. पिराजीरावांनी चाकी फिरवली. या वेळी काम लगेच झालं.

नळी हिंदुरावच्या हातात होती आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. तो रडत होता की मोतीबिंदूचं पाणी होतं, मला सांगता येणार नाही. पिराजीराव मात्र सरळ रडत होते.

त्यांनीच मग माझ्याकडे बघितलं. "पाव्हणं, तुमी पुन्याचंच न्हवं?"

"हो."

"बंदुकीचा परवाना तुमच्याकडं हाय न्हवं?"

"आहे."

"मग ह्येची नळी तुमी ठेवा. त्येच्या नावानं. परवान्यावर तुमचं नाव घालून घेऊ, कायदा मोडायचा न्हाई. फकस्त खंडेनवमीला घेऊन यायची. त्येलाबी घेऊन यायचं." त्यांनी डोळे पुसले. "पैसं काय नगोत."

मी बंदूक विकत घ्यायला आलो होतो. त्यासाठी घरची दुनळी मोडली होती. आणि आता अर्धी बंदूक फुकट मिळत होती, तीही माझी नाही, सांभाळायला म्हणून. मला राग यायला हवा होता. हिंदुरावनं पटक्यात गुंडाळून नळी माझ्या हातात दिली आणि माझा हात थोडा वेळ धरून ठेवला.

मी त्याला ओढ्यापर्यंत सोडायला गेलो. पाण्याशी येऊन तो थांबला आणि म्हणाला, "गावात काय सांगत्यात ठाऊक हाय न्हवं? आमी एकमेकाला मारू नये म्हणून बंदूक वाटली."

"ऐकलंय."

"मारायचंच असतं तर घरात कोयता काय थोडा हाय?" एवढं बोलून तो पाण्यात उतरला.

मी परत आलो तेव्हा पिराजीराव पाटावरची फुलं गोळा करत होते. मी पिशवी भरत होतो, त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. त्यांनी आपणहून सुरुवात केली.

"पंच म्हणत हुते, बंदूक अख्खी हिंदूला द्या आन् त्या बदल्यात गाडी तुमी घ्या. मीच न्हाई म्हणलो. म्हणलं, मोडून वाटा. सगळ्यांना वाटलं, लई खुनशी माणूस हाय." ते दस्ता धोतरात गुंडाळत होते. "समदं वाटून झालं हुतं, पाव्हणं. पाणी वाटलं, पायवाट वाटली. जांभळीची खोडं बी वाटली. त्येला माझ्या दारात याला कारणच उरलं न्हवतं. बहिणीला भाऊबीज असती. भावाभावाला काय असतंय? म्हणलं, खंडेनवमी तरी धरावी."

"त्यांना सांगितलं होतं हे?"

"बोलणं बंद हुतं न्हवं," ते म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला मी भोसरीला जाऊन हिंदुरावला घेतलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर हिरवा चष्मा. एस.टी.त तो फारसा बोलला नाही. गावाचा फाटा आल्यावर म्हणाला, "नळी माझ्याकडं द्या. मीच नेतो." छत्री त्यानं बरोबर आणली होती. त्या दिवशी दोघा भावांचं बोलणं झालं. "च्या लई गोड झालाय," असं धाकटा म्हणाला. "हूं," असं थोरला म्हणाला. चाकी फिरवायला मागच्या वर्षापेक्षा जास्त वेळ लागला. मी लांब बसून राहिलो, मध्ये तोंड घातलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात हिंदुराव गेला. न्यूमोनियाचं निमित्त झालं. पिराजीराव दहाव्यालाच पोचू शकले, कारण कळायला उशीर झाला. मला वाटलं, हे इथे संपलं. नळी परत द्यावी, म्हणून मी नवरात्रात गावी गेलो. खंडेनवमीच होती. पाट मांडलेला होता, हत्यारं पुसलेली होती, घोंगडी अंथरलेली होती. मी नेहमीसारखा भिंतीशी बसायला लागलो, तर पिराजीराव म्हणाले, "तिकडं न्हाई. हितं बस."

त्यांनी घोंगडीच्या दुसऱ्या टोकावर हात ठेवला होता. मी तिथे बसलो. त्यांनी दस्ता दोन्ही हातांनी आडवा धरला.

"फिरव," ते म्हणाले.

चार-सहा फेऱ्यांचं काम. मी दोन फेरे दिले, परत उलटे फिरवले, आट्यांवर फुंकर मारली, रुमालानं पुसलं, पुन्हा घातली. त्यांचा श्वास माझ्या कपाळावर येत होता. इतक्या जवळ माझ्या घरीही कोणी कधी बसलं नव्हतं.

पूजा झाली, चहा झाला. निघताना मी नळी त्यांच्यापुढे ठेवली, तर ती त्यांनी स्वतः पटक्यात बांधली आणि माझ्या पिशवीत घातली. "तुझा वाटा तुझ्याकडं," म्हणाले. "पुढल्या वर्सी येशील न्हवं?"

मी गेलो. त्यांच्या शेवटच्या नवमीपर्यंत, एकही न चुकवता. विमा कंपनीचं काम आडवं आलं तर सरळ रजा टाकायचो, आणि साहेबांनी कारण विचारलं तर घरचं कार्य आहे, असं सांगायचो.

पिराजीराव गेले तेव्हा त्यांची मुलगी निपाणीहून मला कळवायला विसरली नाही. कागदपत्रं झाल्यावर ती स्वतः दस्ता घेऊन पुण्याला आली. "आप्पा म्हणाले होते, पुण्याच्या काकांचा हिस्सा आहे, त्यांना द्या," ती म्हणाली. मी तिला चहा केला. ती गेल्यावर मी दार लावलं, दस्त्याचं झाकण काढलं आणि नळी तिच्या कप्प्यात घातली. अगदी बरोबर बसली. ज्या बंदुकीसाठी मी वडिलांची दुनळी विकली होती ती अखेर अख्खी माझी झाली होती, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ रडलो.

मध्ये कायदा आणखी बदलला. आता एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. मला अडचण आली नाही. बाकीच्या मी आधीच काढून टाकल्या आहेत, ही एकच ठेवली आहे. जुन्या बंदुकांचे शौकीन फोन करतात, कधी बघायलाही येतात. असा नमुना इकडे दुसरा पाहिला नाही म्हणतात. किती देऊ म्हणतात. मी ती जोडून दाखवतो, चहा देतो, आणि ते गेले की पुन्हा सुटी करून ठेवतो.

खंडेनवमीला पाट मांडतो. हत्यार म्हणून घरात विळी आणि कात्री आहे, तीच पुसून ठेवतो. बंदूक जोडायला आता एकट्याला त्रास होतो, बोटांत जोर राहिलेला नाही. दस्ता दोन गुडघ्यांत घट्ट धरतो आणि चाकी फिरवतो. लगेच बसते. पूजा होते. मग नळी काढून पटक्यात गुंडाळतो आणि हातात धरून बसतो.

दस्ता माझ्याकडे ठेवीन. नळी द्यायची आहे. वर्षातून एकदा ती घेऊन माझ्या दारात येईल असा कोणी, गेली कित्येक वर्षं शोधतो आहे, अजून सापडलेला नाही.